कोंबडीस, आबांकडून

लेकीच्या, सायलीच्या लग्नाला भांडीकुंडी काढायची म्हणून स्वयंपाकघरातलं वरचं फडताळ उपसायला घेतलं, आणि पहिला हाताला लागला तो माझ्याच लग्नातला स्टीलचा डबा. चांगला थोराड, झाकणाला कडी असलेला. झाकण उघडलं तर आत शेंगदाण्याच्या लाडवांचा वास अजून कोंडून बसलेला. म्हटलं, अरे बाबा, इतकी वर्षं कुठं दडून बसला होतास? पदरानं पुसला, खिडकीच्या उजेडात फिरवला, तर पोटावरची अक्षरं लख्ख वर आली. टपोरी, एका उंचीची, एकमेकांना धक्का न लावता उभी. ‘चि. सौ. कां. कोंबडीस, आबांकडून सप्रेम.’

कोंबडी म्हणजे मी. आणि आबा म्हणजे माझे वडील. लेकीच्या लग्नातल्या डब्यावर कुणी असं नाव घालतं का? पण आबांनी घातलं. आमच्या लोणंदच्या सासरी भांडी मांडली तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि दारात येऊन विचारलं, ‘आवं, ही कोंबडी कोण? पाहुण्यांच्यात नावाची अदलाबदल झाली का काय?’ मी नवी नवरी, डोक्यावरचा पदर सावरत म्हटलं, ‘मीच.’ त्या दिवशी सगळं घर खो खो हसलं आणि माझी भीती निम्मी पळाली.

भांड्यावर नाव घालणारा माणूस तेव्हा बाजारात दुकानापुढं यंत्र घेऊन बसायचा. टर्रर्र आवाज करत सुई पत्र्यावर फिरायची आणि दात आंबायचे. आबांना त्याचं अक्षर पसंत नव्हतं. ते खिशातून खडू काढायचे, दुकानाच्या पायरीवर बसून डब्यावर स्वतः अक्षरं काढायचे आणि म्हणायचे, ‘ह्येच्यावरनं फिरीव. इकडंतिकडं गेलास तर पैसे न्हाईत.’ म्हणून डब्यावरचं अक्षर आबांचंच, नुसतं सुईचं नाही.

मी डबा मांडीवर घेऊन तिथंच फरशीवर बसले. कारण त्याच आबांनी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, ‘मी काय लग्नाला येत न्हाई. मला धरू नका तुमी.’ तब्येतीचं विचारलं तर म्हणाले, तब्येत झ्याक हाय. काही चुकलं का विचारलं तर म्हणाले, काय न्हाई. आणि फोन ठेवला. एकुलती एक नात, आणि आजोबा येत नाही म्हणतात. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, म्हातारं माणूस आहे, येईल मन वळून. पण मला आबा माहीत आहेत. ते हो म्हणाले की हो, आणि नाही म्हणाले की जोतिबासुद्धा त्यांना हलवू शकत नाही.

माझं माहेर कुंडलचं. घरचा ऊस, आणि घरटी कुणी ना कुणी मिलिटरीत. आबाही पलटणीत होते, पण बंदूक कमी आणि लेखणी जास्त. भरतीच्या वेळी कुणा साहेबानं त्यांचं अक्षर बघितलं आणि क्लार्क करून टाकलं. आबा हे सांगताना छाती अशी काढायचे की वाटावं, लढाईच जिंकून आलेत. माझ्या आईला वाचता येत नव्हतं. पण पोस्टमनच्या हातातल्या गठ्ठ्यातलं आबांचं पत्र ती अंगणातूनच ओळखायची. वाचायचं मागाहून, कुणाकडून तरी. त्याआधी ते पत्र ती देवळीत ठेवायची, आणि कामाला येता-जाता त्याच्यावरच्या अक्षरांकडं बघायची. मला वाटतं, अर्धं पत्र तिचं तिथंच वाचून व्हायचं.

आबा पलटणीतून कायमचे घरी आले तेव्हा मी पाटीवरून वहीवर आले होते. ओल्या पाटीचा वास अजून नाकात आहे. पाटीवरची पेन्सिल मी लिहायला कमी आणि खायला जास्त वापरली. मग वही आली, आणि आबांनी माझं अक्षर बघितलं. दुसऱ्या दिवशी येरळेच्या काठावरून बोरू तोडून आणले. सोप्यात पोतं अंथरलं, विळ्यानं बोरूला तिरका काप दिला, शाईची गोळी कोमट पाण्यात विरघळवली. त्या शाईला पावसात भिजलेल्या पत्र्यासारखा वास यायचा. बोरू कागदावर चालताना कुर्रकुर्र वाजायचा, आणि आबांच्या हातून ‘अ’ असा उतरायचा, जसा काही तो कागदात आधीपासून होताच, ह्यांनी फक्त वरची धूळ पुसली.

‘बघ,’ ते सांगायचे, ‘अक्षर कसं पायजे? सावधान! पाठ ताठ, टाच जुळलेली. शब्द संपला का विश्राम. मग पुढचा शब्द, पुन्यांदा सावधान.’

मी जीव ओतून काढायचे. जीभ बाहेर काढून, मान वाकडी करून. आणि आबा वही हातात धरून लांबूनच बघायचे. ‘हात्तिच्या! तुझी तर सगळी पलटण विश्राममधीच हुबी हाय की गं. ह्यो बसलाय, त्यो पडलाय, ह्यो तर पळूनच चाललाय.’

रोज संध्याकाळी हेच. चुलीवर भाकरीचा वास, गोठ्यात म्हशीच्या साखळीचा आवाज, आणि सोप्यात माझा कित्ता. किती गिरवला म्हणून सांगू! बोटं निळी, फ्रॉक निळा, एकदा तर नाकावर निळा ठिपका घेऊन शाळेत गेले. पण अक्षर काही सुधारलं नाही. बाप मोती काढतो आणि लेक कोंबडीचे पाय, असं गुरुजी भर वर्गात म्हणाले, त्या दिवशी घरी येऊन मी पोत्यामागं बसून रडले. आई म्हणाली, ‘रडतीस कशाला? मला तर कोंबडीचं पाय बी काढता येत न्हाईत.’ हे बोलताना ती हसत होती. मला आज त्या हसण्याचं वाईट वाटतं, तेव्हा नाही वाटलं.

उन्हाळा आला की लग्नं यायची, आणि लग्नं आली की आमच्या सोप्यात पत्रिका. नुसत्या आमच्या घरच्या नाही, सगळ्या भावकीच्या. गठ्ठा सुटला की छापखान्याचा वास घरभर. आई आणि चुलत्या पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावायच्या आणि आबा मधे मांडी घालून नावं घालायचे. पहिली पत्रिका जोतिबाची. ती लिहिताना कुणी बोलायचं नाही. ‘श्री जोतिबा प्रसन्न’ एवढंच, पण आबा त्याच्या आधी हात धुऊन यायचे. मग बाकीचं गाव. एक जण भिंतीला टेकून आठवेल तशी नावं सांगायचा आणि आबा लिहायचे.

आता आमच्याकडं एका नावाची माणसं किती! गणपती आण्णाच बघा ना. एक माडीवाले, एक गिरणीवाले, एक मळ्यात राहणारे. म्हणून नावापुढं खूण लिहायची. ‘श्री. गणपती आण्णा, माडी.’ ‘श्री. गणपती आण्णा, गिरणी.’ ‘श्री. गणपती आण्णा, मळा.’ खूण चुकली तर मळ्यातली पत्रिका माडीवर जायची आणि मळ्यातले लोक वर्षभर तोंड फुगवून बसायचे.

धाकट्या काकाचं लग्न होतं त्या वर्षी आबा अर्ध्यात चहाला उठले आणि मला म्हणाले, ‘बस. घाल चार नावं. कवातरी शिकायचंच हाय.’ अहाहा! मी काय सांगू तुम्हाला. बायकांच्या घोळक्यातनं उठून मी पोत्यावर जाऊन बसले, आबांचं पेन हातात घेतलं आणि घातली नावं. घाम फुटला होता. पेन घसरत होतं. पण घातली. शाई वाळायच्या आत काकानं पत्रिका उचलल्या आणि सायकलवरून वाटून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यातल्या रखमाकाकू दारात. पदर कमरेला खोचलेला, डोळे लाल. म्हणाल्या, ‘कुठं हायती आबा? तुमी माझ्या कुकवावर उठलायसा व्हय?’

आबा बाहेर आले. काकूंनी पत्रिका त्यांच्यापुढं नाचवली. ‘शेजारच्या पोरीनं वाचून दावलं. गणपती आण्णा मेला! आवं, जित्या माणसाला मेला म्हणून लिवता, आणि वर सहकुटुंब जेवायला बोलावता?’

काकूंच्या मागं स्वतः गणपती आण्णा उभे होते. उंच, काळेशार, तोंडात बिडी. ते आबांपेक्षा वडील. शांतपणे म्हणाले, ‘आबा, मी मेलो ह्ये मला तरी आदी सांगायचं रं गड्या.’

झालं होतं असं, की माझ्या ‘मळा’तल्या ‘ळ’चा एक डोळा पुसला जाऊन त्याचा ‘ल’ झाला होता. आणि वरची रेघ ओढताना पेन घसरून ‘म’च्या डोक्यावर मात्रा बसली होती. मळाचा मेला. मी दाराआड उभी. आता आबा हाक मारणार, आणि मग काय होणार ते मला पक्कं ठाऊक होतं.

आबांनी पत्रिका जवळ धरली, लांब धरली. आणि एकदम त्यांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. मग ते खाली पायरीवरच बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ‘आवं आण्णा, ही कोंबडी नाचलीया माझी! कोंबडी!’ आण्णाही हसले. मग काकूसुद्धा पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आबांनी नवी पत्रिका घेतली, मोत्यासारखं नाव घातलं, आणि स्वतः आण्णांबरोबर चालत मळ्यापर्यंत जाऊन देऊन आले. माझा जीव भांड्यात पडला. फक्त त्या दिवसापासून घरात मला माझ्या नावानं कुणी हाक मारली नाही. आणि पत्रिकांच्या पोत्यावर मला कुणी बसवलं नाही.

पुढं मी शिकले, लग्न होऊन लोणंदला आले, आणि शिरवळच्या एका कारखान्यात ऑफिसला लागले. पहिल्या दिवशी माझ्यापुढं कॉम्प्युटर ठेवला. मी एक कळ दाबली आणि समोर ‘म’ उमटला. सरळ, ताठ, सावधान! मात्रा नको तर मात्रा येत नाही. ‘ळ’ दाबला की ‘ळ’च. मला हसू आवरेना. बाजूची मुलगी विचारत होती, ताई काय झालं? आता तिला काय सांगणार, की जन्मात पहिल्यांदा माझं अक्षर आबांच्या अक्षराच्या रांगेत उभं राहिलं होतं? खरं सांगते, लोक हस्ताक्षर गेलं, हस्ताक्षर गेलं म्हणून गळा काढतात तेव्हा मी गप्प बसते. माझ्यासारख्यांची अब्रू त्या कळांनी राखली. शाळेत सुंदर अक्षराची बक्षिसं घेणाऱ्या माझ्या मैत्रिणी आणि मी, आता मोबाईलवर सगळ्यांचं अक्षर एकच. कुणी मोती नाही, कुणी कोंबडी नाही.

तरी पण काय काय गेलं, ते गेलंच. मधल्या बोटावरचा तो पेनाचा घट्टा गेला. गळक्या पेनानं शर्टाच्या खिशावर उमटणारा निळा चंद्र गेला. वहीच्या नव्या पानावर लिहिताना खाली मऊ लागायचं, ते गेलं. आणि नुसत्या अक्षरावरून माणूस ओळखायचं गेलं. माझ्या आईला आता पत्र आलं असतं, तर तिनं ते अंगणातून कसं ओळखलं असतं? फोनच्या पडद्यावर आबांचा मजकूर आणि बँकेचा मजकूर सारखाच दिसतो. तिचं देवळीपाशी उभं राहणं मला फार आठवतं. ती आता नाही.

डबा तसाच मांडीवर होता. मी भावाच्या बायकोला फोन लावला. भाऊ पलटणीत, तिकडं लांब उत्तरेला; घर आणि आबा दोन्ही वैनीच सांभाळते. मी म्हटलं, ‘वैनी, खरं सांग. आबा का येत नाहीत?’

वैनीनं दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, ‘त्येंचा हात, ताई. उजवा. लय कापतोय आता. तुमी दिवाळीला आला तवा बी कापत हुता, पण त्येनी खिशात ठेवला हुता. आता तर जेवताना बी आतल्या खोलीत बसत्यात. मागं भावकीत लग्न झालं, तिथं आहेर लिवायला कुणीतरी सवयीनं त्येंच्याच हातात पेन दिलं. तर एक नाव पुरं झालं न्हाई. कुणी हासलं न्हाई वो, पण सगळी गप झाली. तेच लागलंय त्येस्नी. बँकेत बी सही जुळंना म्हणून अंगठा लावला. घरी येऊन मला म्हणाले, क्लार्क माणूस मी, अंगठा लावला गं पोरी.’

दिवाळीला मला दिसलं कसं नाही? आबा थंडी वाजते म्हणून हात खिशात घालून बसतात, असंच मी समजत होते. आणि लग्नात तर सगळा गाव येणार, नमस्कार करणार, हातात हात घेणार. आबांना तो हात कुणाला दाखवायचा नव्हता. म्हणून नातीचं लग्नसुद्धा नको.

त्याच रविवारी मी सायलीला घेऊन कुंडलला गेले. सायली पुण्यात नोकरी करते. तिनं पत्रिका मोबाईलवर बनवली होती, फुलं उडणारी, सनई वाजणारी. ती सगळ्यांना गेली पण होती. कागदावरच्या अगदी थोड्या छापल्या होत्या, देवासाठी आणि ज्यांच्याकडं मोबाईल नाही अशा जुन्या माणसांसाठी. मी त्या पिशवीत घातल्या. डबाही घातला.

ऊस तुटून गेलेली रानं, पाचट जाळल्याचा वास, आणि दारातली चिंच. आबा सोप्यात कॉटवर बसले होते. उजवा हात सदऱ्याच्या खिशात. सायलीनं वाकून नमस्कार केला तर डाव्या हातानं तिच्या डोक्यावर थोपटलं.

मी पत्रिका काढल्या. ‘आबा, देवाची पत्रिका लिहायची आहे. पहिली तुमच्या हातची.’

‘न्हाई.’ एवढंच.

सायली बिचारी मदतीला गेली. ‘आजोबा, मी टाईप करून प्रिंट काढून चिकटवू का? छान दिसेल.’

‘चिकटीव. देवाला काय, काय बी चालतंय.’ आणि त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

मला रडू पण येत होतं आणि रागपण. म्हटलं, ‘बरं. मग मी लिहिते.’ वैनीकडून पेन मागून घेतलं, सोप्यात पोतं अंथरलं आणि मांडी घातली. कित्येक वर्षांत सहीशिवाय मी हातानं काही लिहिलं नव्हतं. आधी वाटलं, देवाची नको, देव राहू दे शेवटी. आधी गणपती आण्णा. कारण मळ्यातले आण्णा अजून आहेत. रखमाकाकू गेल्या, पण आण्णा आहेत, आणि त्यांच्याकडं फोन नाही.

‘श्री. गणपती आण्णा’ एवढं लिहिलं. आई गं! शाळेत होतं त्याहूनही वाईट. वैनी वाकून बघत होती, ती चटकन तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. मला पाठीमागं कॉट करकरल्याचा आवाज आला. आबा वळले होते.

‘अगं, श्रीची वेलांटी कुठनं घेतीस तू?’ आवाज हळू होता, पण होता.

‘मग कुठून घ्यायची?’

‘रेघंच्या वरनं. तुझी तर जनावराच्या शेपटीवानी खालनं चाललीया.’

‘होऊ दे. आता पुढं सांगा, मळाचा ळ कसा काढायचा? मागं एकदा मी आण्णांना मारलं होतं. ह्या वयात पुन्हा मारायला नको.’

आबा कॉटच्या कडेला सरकले. मी तशीच बसले. मग म्हणाले, ‘आदी एक डोळा काढायचा. मग दुसरा. दोनी सारखं.’

मी मुद्दाम काढला की काय कोण जाणे, पण तो ळ बघून ते कॉटवरून उतरलेच. ‘आण हिकडं!’ असं ओरडून त्यांनी माझ्या हातातून पेन ओढून घेतलं. उजव्या हातानं. खिशातून हात कधी बाहेर आला ते त्यांनाही कळलं नसावं. माझ्या शेजारी पोत्यावर गुडघे टेकून बसले, नवी पत्रिका ओढली आणि लिहायला लागले.

हात कापत होता. असा कापत होता की पेनाचं टोक कागदावर टकटक वाजत होतं. मला बघवेना आणि नजर काढवेना. सायली माझ्या दंडाला धरून उभी. नाव झालं, स्वल्पविराम झाला, मग खूण; ‘ळ’चा एक डोळा राहूनच गेला. मग वरची रेघ. रेघ अर्ध्यावर गेली आणि हात उडाला.

आबांनी पत्रिका जवळ धरली. मग लांब धरली. सोप्यात एकदम शांत झालं, तसंच, जसं त्या आहेराच्या वेळी झालं असेल. मीही वाचलं. ‘श्री. गणपती आण्णा, मेला.’

देवा, मी मनात म्हटलं, हे काय केलं मी. कशाला आणलं पेन ह्यांच्यापुढं.

आणि मग आबांचं पोट हलायला लागलं. आधी मला वाटलं, रडतायत. मग खांदे हलले. मग गळ्यातून तो आवाज आला, जो मी माझ्या लहानपणी दाराआडून ऐकला होता. आबा पोत्यावर मागं रेलले आणि हसायला लागले. ‘मेला! आगं, मेला की आण्णा पुन्यांदा! सगळी पलटण विश्राममधी!’ डोळे पुसायला त्यांनी हात वर केला, तो कापत होता, आणि त्याच कापऱ्या हातानं त्यांनी डोळे पुसले. ‘कोंबडे, आगं, तुझं माझं अक्षर येकच झालं की गं!’

मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. वैनी हातात लाटणं घेऊन बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. सायलीला काहीच माहीत नव्हतं, तिला मळा आणि मेलाची गोष्ट मी हुंदके देत देत सांगितली, आणि मग ती पण हसली. मी पिशवीतून डबा काढला. आबांनी त्याच्या पोटावरच्या आपल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. बोट अक्षरांच्या बाहेर जात होतं, परत येत होतं. म्हणाले, ‘झ्याक हुतं, न्हाई का?’

‘लय झ्याक हुतं आबा,’ मी म्हटलं.

‘हुतं,’ ते म्हणाले. त्यात दुःख नव्हतं असं नाही. पण आता भिंतीकडं तोंड नव्हतं.

मग ते उठले आणि मोरीत जाऊन हात धुऊन आले. आम्हाला कळलं. कुणी बोललं नाही. ‘श्री जोतिबा प्रसन्न.’ लिहायला बराच वेळ लागला. ‘ज’चं पोट फुटलं, ‘प्र’ कुठल्याकुठं गेला. आबांनी एकदाच बघितलं आणि बाजूला ठेवली. ‘त्यो वळकंल,’ म्हणाले.

मी आण्णांची पत्रिका फाडून दुसरी लिहायला निघाले तर आबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. ‘हीच न्यायची.’

मळा तसा जवळच. पण आबा गाडीत बसले नाहीत, चालतच निघाले. मी आणि सायली मागून. बांधावर हरभऱ्याचा आंबूस वास होता. आण्णा खोपीपुढं बाजेवर ऊन खात बसले होते. आता उंची राहिली नाही, बिडीही सुटली, पण नजर तीच. आबांनी पत्रिका पुढं केली. आण्णांनी उशाखालून चष्मा काढला, एक काडी तुटलेली, दोरीनं बांधलेली. कागद नाकापाशी नेला. वाचला. पुन्हा वाचला. चष्म्यावरून आधी माझ्याकडं बघितलं.

‘का गं कोंबडे, पुन्यांदा?’

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, ‘तिनं न्हवं, आण्णा.’ आणि खिशातून उजवा हात काढून उन्हात वर धरला. तो कापत होता आणि आबांनी तो कापू दिला. ‘ह्या येळंला मी.’

आण्णांनी त्या हाताकडं बघितलं. मग आपला हात वर केला. तोही कापत होता. त्यांनी आबांचा हात हातात घेतला, आणि दोघांचे हात मिळून कापत राहिले.

‘बरं,’ आण्णा म्हणाले, ‘मग मेलेल्या माणसाला लग्नाला न्यायला गाडी कवा येती?’

‘बिस्तरवारी सकाळी,’ आबा म्हणाले. ‘तयार ऱ्हा. लोणंदला आपुन दोगं बरुबरच जाऊ.’